सल्ला आणि सोबत

आपल्या समाजांतून दानधर्माची बुद्धि नाहींशी होत चालली आहे अशी तक्रार अधूनमधून कानांवर येते. ही तक्रार ज्यांना खरी वाटत असेल त्यांनीं एकदां आपलें वजन वाढूं द्यावें, आणि मग तें उतरविण्याचा आपला मानस आहे असें चारचौघांत बोलून दाखवावें. तेवढ्यानें सल्ल्याचें जें अन्नछत्र उघडतें, त्याच्या दारांतून विन्मुख परतलेला मनुष्य माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. विद्वान् आणि अडाणी, आप्त आणि परके, लठ्ठ आणि रोड, सगळेच तेथें वाढपी होऊन उभे असतात. आणि पंक्तीला आपण एकटे!

माझ्यावर हा प्रसंग २०२३ सालीं आला. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गांत शिरल्यावर ताबडतोब हजेरी न घेतां खिडकीशीं उभें राहून बाहेरच्या गुलमोहोराकडे क्षणभर पाहावयाचें, अशी मला कांहीं दिवसांपासून संवय लागली होती. मी कीट्स शिकवीत असल्यामुळें विद्यार्थ्यांनीं तिचा अर्थ आपल्या परीनें लावला होता. सरांचा मूळचा रसिक स्वभाव वयोमानानें अधिक खोल होत आहे, असा त्यांचा समज. खरी गोष्ट अशी होती, कीं मला श्वास पुरत नव्हता. गुलमोहोराला त्या दिवसांत एक फूलही नव्हतें.

डॉक्टर वयानें माझ्या विद्यार्थ्यांएवढे. त्यांनीं मला काट्यावर उभें केलें, भिंतीशीं उभें केलें, आणि एका सूत्रांत घातलें. वजन ९२ किलो, उंची ५ फूट ६ इंच. किलोंना मीटरांच्या वर्गानें भागून आलेला आंकडा साडेबत्तिसाच्या वर. भारतीय माणसानें तो २३ च्या आंत ठेवावा अशी अपेक्षा असते. हें सूत्र केटले नांवाच्या बेल्जियन ज्योतिर्विदानें एकोणिसाव्या शतकांत बसविलें, तें सरासरी मनुष्य कसा असतो हें पाहण्यासाठीं. रोग्याला धाक घालावा हा त्याचा हेतु नव्हता. पण धाक पडला खरा. कारण रक्तांतील साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी असते तिचा आंकडा ६.३ आला होता, आणि ६.५ पासून मधुमेहाची हद्द सुरू होते. मीं विचारलें, "मग करावें काय?" डॉक्टर म्हणाले, "खाणें कमी, चालणें जास्त." अवघे चार शब्द! बेकनच्या निबंधांतही इतका संक्षेप मला आढळलेला नाहीं. पुढचा रोगी आंत येऊन बसला देखील.

दुसऱ्या दिवशीं ही हकीकत मीं स्टाफ-रूममध्यें सांगितली, ही माझी पहिली चूक. संस्कृतचे आमचे सहकारी ताबडतोब चरकाकडे धांवले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एक अध्याय आठ निंद्य पुरुषांना वाहिलेला आहे. फार उंच, फार ठेंगणा, फार केसाळ, मुळींच केस नसलेला, फार काळा, फार गोरा, फार लठ्ठ आणि फार रोड. इतक्या प्राचीन यादींत आपली सोय झालेली पाहून मला थोडा अभिमानच वाटला. लठ्ठपणा घालविण्यासाठीं जागरण, व्यायाम आणि चिंता यांचें प्रमाण क्रमाक्रमानें वाढवावें असें चरक सांगतो. त्या ओळींतला चौथा उपाय, खोलींत प्राध्यापिका बसलेल्या असल्यामुळें, आमच्या शास्त्रीबुवांनीं गाळला. मीं तो घरीं येऊन ग्रंथांत पाहून घेतला. आतां जागरण आणि चिंता हीं दोन पथ्यें उत्तरपत्रिका तपासणारा प्रत्येक मास्तर वर्षांतून दोनदां निष्ठेनें पाळतो. त्यानें वजन उतरत असतें तर आमच्या धंद्यांत जाड मनुष्य औषधालाही सांपडला नसता! आजचें वैद्यक तर याच्या अगदीं उलट सांगतें, कीं अपुऱ्या झोपेनें भूक वाढते. मात्र चरकाची एक गोष्ट मला अजून पटते. लठ्ठ आणि रोड या दोघांत लठ्ठाची चिकित्सा अधिक अवघड, असा निवाडा त्यानें दिला आहे. निदान त्या अवघडपणाची कबुली देणारा मला भेटलेला पहिला वैद्य तो.

गणिताचे प्राध्यापक काडीसारखे सडपातळ. त्यांनीं मला उष्मांकांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखविला आणि शेवटीं, "हा निव्वळ बेरीज-वजाबाकीचा प्रश्न आहे, त्यांत भावनेला जागा नाहीं," असें खडूचे हात झाडीत सांगितलें. दोन महिन्यांनीं त्यांनाच मधुमेह निघाला. मला त्यांत आनंद झाला असें कोणी समजूं नये. झाला तो फार थोडा, आणि लगेच ओसरला. पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं या विषयावर आयुष्यभर काम केलें आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ मध्यें त्यांचें आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचें छायाचित्र शेजारीशेजारी छापून आलें होतें. दोघांचाही तो भागाकाराचा आंकडा सारखाच, २२.३, परंतु अंगांतील चरबी मोजली तेव्हां इंग्रजाची ९.१ टक्के आणि आमच्या डॉक्टरांची २१.२ टक्के भरली. सडपातळ दिसणारा भारतीय मनुष्य आंतून लठ्ठ असूं शकतो, हें इतक्या थोडक्यांत आणि इतक्या प्रसन्नपणें दुसऱ्या कोणीं सिद्ध केलें असेल असें मला वाटत नाहीं. तें चित्र मीं गणिताच्या प्राध्यापकांना दाखविलें नाहीं. त्यांना त्या दिवसांत सल्ला देणारे पुष्कळ झाले होते.

आप्तांचें तर विचारूंच नका. महाराष्ट्रांत पूर्वीं शैव आणि वैष्णव असे, तसे अलीकडे आहाराचे पंथ झाले आहेत. माझ्या मोठ्या मेव्हण्यांचें घर दीक्षित-पंथी. दिवसांतून दोनदां जेवावें, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपावें आणि मध्यें कांहीं तोंडांत टाकूं नये. धाकट्या मेव्हणीचें घर दिवेकर-पंथी. तेथें भात, तूप आणि आजीच्या हातचें सर्व कांहीं पवित्र. एका साखरपुड्याच्या पंक्तींत हे दोन पंथ माझ्या उजव्या आणि डाव्या बाजूस बसले होते. वाद जसजसा रंगला तसतसा माझ्या पानांतला मसालेभात कोणत्या सिद्धान्तानुसार संपला हें मलाही कळलें नाहीं. शेजारच्या वाड्यांतून कोमट पाण्यांत मध-लिंबू घ्या असा निरोप आला; तो घेऊन येणारें पातेलें मात्र साबुदाण्याच्या खिचडीचें होतें, कारण त्या दिवशीं एकादशी होती.

अशा वेळीं पुस्तकांत वाढलेला मनुष्य जें करतो तेंच मीं केलें. ग्रंथालयांत जाऊन बसलों. तेथें मला विल्यम बॅन्टिंग भेटला. त्याचें नांव मला ठाऊक होतें तें इंग्रजी भाषेंतील एक चमत्कार म्हणून. गेल्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत पथ्यानें वजन उतरविणें याला ‘बॅन्टिंग’ च म्हणत, आणि स्वीडिश भाषेंत तर आजही त्याच्या नांवापासून झालेलें क्रियापद चालू आहे. आडनांवाचें क्रियापद होणें ही मोठी कीर्ति होय. आमच्यापैकीं कित्येकांचीं तर विशेषणेंही होत नाहींत. पण त्यानें स्वतः लिहिलेलें तें लहानसें पुस्तक मीं कधीं उघडलें नव्हतें.

हा गृहस्थ लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर राही. धंदा अंत्ययात्रांची व्यवस्था पाहण्याचा. राजघराण्यांतलें काम त्याच्या पेढीकडे असे. वयाच्या पासष्टीच्या सुमारास ५ फूट ५ इंच उंचीवर त्याचें वजन २०२ पौंड झालें होतें. बुटाचे बंद स्वतःचे स्वतः बांधतां येईनात. गुडघ्यांना हिसका बसूं नये म्हणून जिना उलट्या पावलांनीं उतरावा लागे. तीस वर्षें तो डॉक्टरांचे उंबरठे झिजवीत होता. एकानें होडी वल्हवावयास सांगितली; हा पहांटे उठून वल्हवूं लागला, त्यानें दंड भरले, पण भूकही अशी भरली कीं वजन आणखी वाढलें. समुद्राची हवा झाली, तुर्की स्नानें झालीं, औषधें झालीं. शेवटीं १८६२ सालीं ऐकूं कमी येतें म्हणून तो हार्वी नांवाच्या कर्णवैद्याकडे गेला. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वी तो हा नव्हे, तो दोनशें वर्षें आधींचा.) या हार्वीनें पॅरिसमध्यें क्लॉद बेर्नार याचीं यकृत आणि साखर यांच्यावरचीं व्याख्यानें ऐकलेलीं होतीं. त्यानें कानाचें दुखणें चरबीवर ढकललें, आणि पाव, लोणी, दूध, साखर, बिअर व बटाटे बंद केले. एका वर्षांत बॅन्टिंगचे ४६ पौंड उतरले, आणि तो नीट पुढें तोंड करून जिना उतरूं लागला.

इतक्यावर दुसरा एखादा आपल्या नशिबाचे आभार मानून स्वस्थ बसला असता. बॅन्टिंगनें १८६३ सालीं सर्व जनतेस उद्देशून एक पत्र लिहिलें, स्वतःच्या खर्चानें छापलें आणि फुकट वाटलें. डॉक्टर मंडळी त्याच्यावर तुटून पडली. शववाहकाचा धंदा करणाऱ्यानें लोकांच्या प्रकृतीची चिंता करावी हें त्यांना व्यापाराच्या दृष्टीनेंही चमत्कारिक वाटलें असेल. त्याच्या पथ्यांत दिवसांतून तीनचारदां मांस आणि त्यावर क्लॅरेट असे, त्यामुळें सदाशिव पेठेंत तें अमलांत आणण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु माझें लक्ष त्या पथ्याकडे नव्हतें. पुस्तकांत एका ठिकाणीं, ओझरतेंच, तो लोकांच्या हंसण्याविषयीं लिहितो. चारचौघांत, सभेंत, गाडींत जाड माणसाला जे टोमणे ऐकावे लागतात त्यांनीं मनुष्य हळूहळू जाणेंयेणेंच सोडून देतो, असा त्या मजकुराचा आशय आहे. तेथें मीं पुस्तक मिटलें. त्या पानावरून मला दादा आठवला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनीं मोठा. तो लहानपणापासून जाड होता, आणि आमच्या घरांत जाडपणा हा एक करमणुकीचा विषय होता. पूर्वीं रेल्वे-स्थानकांवर रंगीबेरंगी दिव्यांचे वजनाचे काटे असत. नाणें टाकलें कीं आंत चक्र फिरे आणि एक जाड कागदाचें तिकीट बाहेर पडे. त्याच्या एका बाजूस वजन आणि दुसऱ्या बाजूस भविष्य. मिरजेच्या स्थानकावर वडिलांनीं आम्हां दोघांना त्यावर उभें केलें होतें. मी आठ वर्षांचा, दादा चौदा. माझ्या तिकिटावरचें भविष्य वाचण्यांत आलें. दादाच्या तिकिटावरचा आंकडा वाचण्यांत आला. त्रेसष्ट! वडिलांचा आवाज खणखणीत असे, आणि गाडी यावयास अवकाश होता. बाकांवर बसलेलीं माणसें हंसलीं, आम्ही हंसलों, आणि दादाही हंसला. पुढें सगळा जन्म तो असाच आपल्यावरच्या विनोदांत आधीं हंसत असे.

त्यानें वजन उतरविण्याचे प्रयत्न किती केले याची मोजदाद आम्हीं ठेवली नाहीं. ठेवली ती फसलेल्या प्रयत्नांची. २००९ च्या दिवाळींत पाडव्याच्या दिवशीं सगळे आमच्याकडे जमले होते. पानें मांडलीं जात असतांना दादा मला स्वयंपाकघराच्या दाराआड घेऊन गेला आणि हलक्या आवाजांत म्हणाला, "यंदा मला आग्रह करूं नकोस. आणि दुसऱ्यांनाही करूं देऊं नकोस. तूं सांगितलेंस तर ऐकतील." मीं मान डोलावली. पंक्त बसली, जिलब्यांचें ताट फिरूं लागलें, आणि त्याच्या पानापाशीं आल्यावर मला काय झालें कोण जाणे, मीं मोठ्यानें म्हटलें, "दादांना वाढूं नका बरें, त्यांचें डाएट चाललें आहे!" एकच हंशा पिकला. लगेच चारी बाजूंनीं आग्रह सुरू झाला, आणि शेवटच्या दोन जिलब्या मीं स्वतः माझ्या हातानें त्याच्या पानांत टाकल्या. त्यानें त्या खाल्ल्या. तो हंसत होता. वहिनी मात्र माझ्याकडे पाहत होत्या. त्या दृष्टीचा अर्थ त्या दिवशीं मला लागला नाहीं.

२०१५ च्या पावसाळ्यांत एका रात्रीं दादा झोपेंतच गेला. त्याचें वय एक्कावन्न होतें. त्या दोन जिलब्यांनीं त्याचा जीव घेतला असें मी म्हणत नाहीं. इतका भाबडेपणा मला या वयांत शोभणार नाहीं. आमच्या घराण्यांत हृदयविकार आहे, त्याला रक्तदाब होता, आणि गोळ्या घेण्यांत तो आळशी होता. पण तो त्या दिवशीं दाराआड माझ्यापाशीं सल्ला मागावयास आला नव्हता. सल्ले त्याच्यापाशीं पोतेंभर होते. त्याला एक मनुष्य आपल्या बाजूला हवा होता, तो देखील एका जेवणापुरता.

दादा माझ्यापेक्षां सहा वर्षांनीं मोठा होता. आतां मी त्याच्यापेक्षां चार वर्षांनीं मोठा आहें.

बॅन्टिंगच्या मागोमाग मीं जीन निडेच हिची हकीकत वाचली. ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणारी गृहिणी, वजन २१४ पौंड. एकदां बाजारांत भेटलेल्या एका ओळखीच्या बाईनें तिला दिवस गेले आहेत असें समजून कौतुकानें चौकशी केली, तेव्हां ती १९६१ सालीं शहराच्या आरोग्यखात्यानें चालविलेल्या केंद्रांत गेली. तेथें मिळालेलें पथ्य चांगलें होतें. परंतु रात्रीं ती चोरून चॉकलेटचीं बिस्किटें खाई, आणि केंद्रांतल्या काटेकोर बाईसमोर तें कबूल करण्याची तिची छाती होईना. अखेर तिनें सहा लठ्ठ मैत्रिणींना घरीं बोलाविलें आणि त्यांच्यापुढें बिस्किटांची कबुली दिली. मग त्या सहाहीजणींनीं आपापली कोठारें उघडलीं. पुढच्या वर्षाच्या अखेरीपर्यंत तिचे ७२ पौंड उतरले, आणि १९६३ मध्यें तिनें जी संस्था काढली ती पुढें जगभर पसरून मोठा धंदा झाली. धंदा झाल्यावर तिचें जें व्हावयाचें तें झालें. त्यांत मला रस नाहीं. मला रस आहे त्या पहिल्या दुपारींत. पथ्य आरोग्यखात्याचेंच होतें, त्यांतला एक कणही बदललेला नव्हता. बदललें होतें तें एवढेंच, कीं बिस्किट कोणापुढें कबूल करावयाचें.

आमचें मंडळ मात्र असल्या वाचनांतून निघालें नाहीं. तें हनुमान टेकडीवर निघालें. अर्ध्या चढावर एक बसकट दगड आहे. तेथें रोज पहांटे एक स्थूल गृहस्थ शहराकडे तोंड करून उभे असत. मला वाटे, केवढी ही सौंदर्यदृष्टि! चौथ्या दिवशीं मीही त्यांच्या शेजारीं उभा राहून शहराचा देखावा पाहूं लागलों, आणि एकदम मला माझा गुलमोहोर आठवला. हे गृहस्थ देखावा पाहत नव्हते. ते आमच्याच गल्लीच्या तोंडावरचे धान्याचे व्यापारी निघाले. शेटजींच्या दुकानांत पोतीं तोलण्याचा मोठा काटा होता. रविवारीं सकाळीं साडेसातला, दुकान उघडण्यापूर्वीं, त्यावर आम्ही दोघे उभे राहूं लागलों. पुढें टपालखात्यांतून निवृत्त झालेले एक काका आणि आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेंतले एक सेवक येऊन मिळाले. चौघांची मिळून साडेतीन क्विंटलांच्या वर आवक होती.

नियम कोणीं केले नाहींत. ते पडत गेले. एक जण काट्यावर चढला कीं बाकीच्यांनीं रस्त्याकडे तोंड करावयाचें. आंकडा ज्याचा त्यानें वाचावयाचा आणि शेटजींच्या लाल वहीच्या मागच्या पानावर लिहावयाचा. दुसऱ्याच रविवारीं टपालकाकांनीं रात्रीं भिजविलेल्या मेथ्यांचें माहात्म्य सुरू केलें, तेव्हां शेटजी हात जोडून म्हणाले, "काका, मेथ्या मी विकतों. मला त्यांचे गुण सांगूं नका." त्या दिवसापासून सल्ला बंद झाला. राहिली ती कबुली. विद्यापीठाच्या एका बैठकींत दोन वाट्या बासुंदी खाऊन, ‘तेथलें जेवण अगदींच टाकाऊ होतें’ असें घरीं सांगून मी पुन्हा जेवलों होतों. ही गोष्ट मीं त्या दुकानांत, तुरीच्या पोत्यावर बसून सांगितली. कोणी हंसलें नाहीं असें नव्हे, सगळेच हंसले. पण तें हंसणें निराळें होतें. टपालकाका म्हणाले, "बासुंदी ना? मीं गेल्या बुधवारीं..." आणि त्यांनीं आपली सुरुवात केली.

घरची बाजू मीं येथवर सांगितली नाहीं, आणि ती माझ्या दृष्टीनें फारशी भूषणावहही नाहीं. सौभाग्यवतींनीं पहिल्याच दिवशीं निमूटपणें स्वयंपाक बदलला. पोळ्या चारावरून दोनांवर आल्या, ज्वारीची भाकरी आली, कोशिंबिरीचें भांडें मोठें झालें, आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. मी हें सर्व आपला हक्क असल्याप्रमाणें स्वीकारीत होतों. एका रात्रीं पाणी प्यावयास उठलों तों स्वयंपाकघरांत काळोखांत, दिवा न लावतां, उभ्यानें त्या एक लाडू खात होत्या. मला पाहून त्या दचकल्या आणि हात पदराआड गेला. त्यांचें वजन ५४ किलो, साखर उत्तम, आणि बेसनाच्या लाडवावर त्यांचा माहेरापासून जीव. पस्तीस वर्षें ज्या स्वयंपाकघरावर त्यांची सत्ता, त्यांत माझ्या पथ्यानें त्यांना चोर करून ठेवलें होतें. आहारावरच्या एकाही पुस्तकांत या गोष्टीचा उल्लेख मला आढळला नाहीं. बहुधा तीं लिहिणाऱ्यांना रात्रीं तहान लागत नसावी. दुसऱ्या दिवशीं लाडवांचा डबा मीं स्वतः टेबलावर आणून ठेवला आणि म्हटलें, "तुम्ही माझ्यासमोर खा." त्या म्हणाल्या, "अहो, तुम्हांला बघवेल का?" खरें सांगावयाचें तर बघवत नाहीं. पण डबा अजून टेबलावरच आहे.

वजनाविषयीं सांगण्यासारखें थोडें आहे. चौदा महिन्यांत ९२ चे ८४ झाले, आणि साखरेचा आंकडा ५.९ वर आला. नंतर काटा अडला. वजन उतरूं लागलें कीं शरीर आपला खर्च कमी करतें आणि भूक वाढवितें, ही आतां सिद्ध झालेली गोष्ट आहे. जणूं घरांतला जुना कारभारी नव्या मालकाच्या काटकसरीला मनांतून कबूलच होत नाहीं. आंब्याच्या दिवसांत दोन किलो परत आले, आणि पावसाळ्यांत त्यांतला एक गेला. आठवड्याला एक सुई टोचून भूक मारणारीं नवीं औषधें २०२५ मध्यें आपल्याकडेही आलीं आहेत. प्रयोगशाळेंतल्या आमच्या मित्राला डॉक्टरांनीं तीं सुचविलीं, आणि महिन्याचा खर्च ऐकून त्यानें टेकडीचा एक फेरा वाढविला. टपालकाकांचें वजन मुळींच उतरलेलें नाहीं. ते एकही रविवार चुकलेले नाहींत.

गेल्या दिवाळींत दादाचा मुलगा आला होता. सत्तावीस वर्षांचा आहे. संगणकाच्या कचेरींत रात्रपाळीचें काम, आणि अंगलट थेट बापाची. पंक्तींत जिलबीचें ताट त्याच्यापर्यंत आलें तेव्हां मीं श्वास रोखून धरला होता. सौभाग्यवतींनीं विचारलें, "वाढूं?" तो म्हणाला, "एक." त्यांनीं एक वाढली आणि ताट पुढें गेलें. इतकेंच. समोर वहिनी बसल्या होत्या. त्या पानाकडे पाहत होत्या.

रात्रीं गच्चीवर तो आणि मी दोघेच होतों. माझ्यापाशीं सगळी तयारी होती: बॅन्टिंग होता, चरक होता, याज्ञिकांचें छायाचित्र होतें. मीं घसा खाकरला. तो हंसून म्हणाला, "काका, मला सगळें ठाऊक आहे." तें हंसणें मीं ओळखलें. बराच वेळ आम्ही दोघेही फटाक्यांचा धूर पाहत राहिलों. मग मीं विचारलें, "रविवारीं सकाळीं साडेसातला तुला काय काम आहे?"

तो आला. झोप पुरी न झालेले डोळे, पायांत चपला. शेटजींनीं काट्यावरचें पोतें उतरवून घेतलें आणि फडक्यानें पत्रा पुसला. तो वर चढल्यावर आम्हां चौघांनीं रस्त्याकडे तोंडें फिरविलीं. समोरून दुधाची गाडी गेली. काट्याची दांडी स्थिर झाल्याचा आवाज आला, मग वहीचें पान उलटल्याचा आवाज आला. पण लिहिण्याचा आवाज कांहीं येईना.

"काका," तो मागून म्हणाला, "बाबांचें किती होतें?"

मला चौदाव्या वर्षींचा आंकडा ठाऊक होता. पुढचा एकही ठाऊक नव्हता. शेटजींनीं दुकानाची दुसरी फळी काढली. पहिलें गिऱ्हाईक येऊन उभें राहिलें होतें.